डाव्या बाजूचा कापूस

बंडी उसवताना धोंडीरामच्या हाताला आधी काहीच लागलं नाही, आणि मग एकदम सगळंच लागलं. धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, वडिलांनी त्याच्यासाठी शिवलेली शेवटची बंडी. बायकोने, झुंबरबाईने, ती ट्रंकेच्या तळातून काढून, पिशवीत घालून, सकाळी डब्याबरोबर दिली होती. तान्ह्या बाळाला पहिलं झबलं नव्या कापडाचं शिवायचं नसतं. घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगावर विरलेलं कापड घ्यायचं, म्हणजे बाळाला त्या म्हाताऱ्याएवढं आयुष्य मिळतं. घरातला म्हातारा आता आपण आहोत, ही बातमी धोंडीरामला अशी पिशवीतून कळली. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. कुणीतरी असावाच लागतो. त्याने ब्लेडच्या कोपऱ्याने डाव्या बाजूची टीप उसवली, अस्तर बाजूला केलं, आणि आतली कापसाची गादी टेबलावर पडली. पिवळट, दबून दबून पोळीएवढी पातळ झालेली. वरून रुंद, खाली निमुळती, विड्याच्या पानासारखी. फक्त पानाचा एक कोपरा कुणीतरी काखेच्या दिशेने ओढून धरलेला. ब्लेड त्याच्या हातात तसंच राहिलं. हा आकार त्याने गेल्याच आठवड्यात पाहिला होता. तेव्हा तो कापसाचा नव्हता. खड्ड्याचा होता.

गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात सगळं कसं ठीक झालं होतं. बाळ रडलं, बाळ गुलाबी होतं, बाळाचं वजन पेढे वाटण्याइतकं होतं. बाळाचा बाप, धोंडीरामचा मुलगा सोमनाथ, पेढे आणायला निघालाही होता, तेवढ्यात डॉक्टर चैतालीने सगळ्यांना आत बोलावलं. पोरगी वयाने सोमनाथपेक्षा लहान असावी. तिने बाळावरचं दुपटं बाजूला केलं, ते इतक्या सावकाश, की धोंडीरामला आपलं दुकान आठवलं. शिवणीत चूक झाली असली की तोही गिऱ्हाइकापुढे कपडा असाच उलगडत असे. बाळाची उजवी छाती छातीसारखी होती. डावीकडे कुणीतरी अंगठ्याने पीठ दाबल्यासारखं होतं. त्या जागेवरचं कातडं पातळ, जवळजवळ निळं, आणि त्या कातड्याखालून काहीतरी वर येत होतं, टेकत होतं, परत जात होतं. तळ्यातला मासा पाण्याला आतून तोंड लावून जातो तसं. "ते हृदय आहे," डॉक्टर म्हणाली. "घाबरू नका. सगळ्यांचं असंच चालतं, फक्त वर स्नायू असतो म्हणून दिसत नाही. याचा डावीकडचा छातीचा मोठा स्नायू तयारच झालेला नाही. त्याच हाताची बोटं आखूड आहेत, दोन जुळलेली आहेत, ती पुढे ऑपरेशनने सुटी करता येतील. हृदय तपासलंय, उत्तम आहे. बाळ छान वाढेल."

"पण झालं कशानं?" झुंबरबाईने विचारलं.

"अगदी सुरुवातीला, पोटात असताना, त्या जागेला रक्त कमी पोचलं असावं असं मानतात. नक्की कुणालाच माहीत नाही. फार क्वचित होतं. सहसा घराण्यात येत नाही. कुणाचाही दोष नाही यात."

सोमनाथने नाव विचारलं. तो अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, नाव नसलेली गोष्ट त्याला झेपत नाही. पोलंड सिंड्रोम, डॉक्टर म्हणाली. "पोलंड?" झुंबरबाई म्हणाली, "आपलं तर कुणी तिकडं गेलेलं सुद्धा नाय." मग डॉक्टरने समजावलं की हे एका जुन्या सर्जनचं आडनाव आहे. झुंबरबाईने मान हलवली. आडनाव आलं म्हणजे घराणं आलंच, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता. डॉक्टरच्या एवढ्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द रिक्षातून घरापर्यंत टिकला: दोष.

मग तो ठेवायला जागा शोधणं आलं. हरवलेली सुई शोधावी तशी झुंबरबाईने मागचे महिने जमिनीवर हात फिरवून शोधले, आणि सुई सापडली. भाद्रपदातलं ग्रहण. गरोदर बाईने ग्रहणात काही कापायचं नाही, चिरायचं नाही, हे तिने सुनेला, योगिनीला, बजावलं होतं. शिंप्याचं घर, म्हणून घरातल्या सगळ्या कात्र्या गोळा करून कपाटात घातल्या होत्या. स्वयंपाकघरातली एक राहिली. दुपारी वेध लागल्यावर योगिनीने त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली, चहाकरता. चहा धोंडीरामकरता होता. तो त्याने प्यायला होता आणि, आठवल्याप्रमाणे, चांगला झाला होता.

"पिशवीचा डावा कोपरा कापला का उजवा?" झुंबरबाईने योगिनीला दवाखान्यातच विचारलं होतं. योगिनी बी.एस्सी. झालेली, निफाडच्या द्राक्षवाल्यांची मुलगी, इथे शाळेत विज्ञान शिकवते. ती हसली होती. "आई, दुधाची पिशवी होती ती." पण घरी आल्यावर तिचं हसू कमी कमी होत गेलं. माहेरी बाळंतपण व्हायचं, ते दवाखान्यासाठी नाशकात झालं. तिची आई द्राक्षांची तोडणी सोडून येऊन जाऊन होती. आणि झुंबरबाई दिवसभर काही वाईट बोलत नव्हती, फक्त आल्यागेल्याला ग्रहणाची हकिगत सांगत होती. सांगून सांगून हकिगतीला अंग आलं. आणि काल धोंडीरामने दारातून पाहिलं, योगिनी भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती, डोळे गच्च मिटून. औषधाचं पाकीट तिने दातांनी फाडलं. कात्री हाताशीच होती. "डावा कोपरा होता, बाबा," ती त्याला म्हणाली, त्याने काहीही विचारलेलं नसताना. "मी डावाच कापते नेहमी." ती हे खरं मानायला लागली होती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने एकदा खरं मानलं की मग ते पुराव्यासकट मानते, आणि तिला त्यातून कोण बाहेर काढणार, हे धोंडीरामला समजेना.

टेबलावरचा मोबाईल वाजला. झुंबरबाई. "उसवली का बंडी? ऐका. बारशाला माणसं येतील. निफाडची येतील, माझी कळवणची येतील. झबल्याला डावीकडून आतून जरा कापूस घाला. भरल्यावानी दिसंल. लोकांचे डोळे लय वाईट हायेत."

"आणि मग?"

"मग काय मग? मग तिला लेकरू घेऊन राहू दे वर्षभर निफाडला. त्र्यंबकला ग्रहणाची शांत करू. तिच्या आईला पण कळू दे, पोरीला काय शिकवून धाडली ती." फोन ठेवताना तिने नेहमीसारखं "जेवून घ्या" म्हटलं.

धोंडीरामने फोन ठेवला आणि नव्या कापसाचा पिळा उचलला. हाताने तो पसरला, हाताने कात्री घेतली, हाताने कापला. तो स्वतः त्या वेळी दुसरीकडेच बघत होता. समोरच्या साड्यांच्या दुकानापुढे एक रिक्षा उलटी वळत होती. नजर परत आणली तेव्हा जुन्या गादीशेजारी एक छोटी गादी तयार होती. वरून रुंद, खाली निमुळती, एक कोपरा काखेकडे ओढलेला. तंतोतंत. बाळाचं माप तर त्याने घेतलंच नव्हतं. टेप गळ्यात होती तशी होती. दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती, एक पिवळं, एक पांढरं, आणि त्याला वाटलं की मोठ्या पानाने हळूच श्वास घेतला. पंखा चालू होता, पंख्यानेच झालं असणार. त्याने पंखा बंद केला. मग बराच वेळ त्या पानांकडे बघायचं त्याने टाळलं.

दादा म्हणायचे, तुला छातीत थंडी लागते. दादा म्हणजे त्याचे वडील. नाशिकची थंडी खरीच असते, त्यामुळे प्रश्न नव्हता. पण बंडी मे महिन्यातही असे. उन्हाळ्यात पोरं गोदावरीच्या पायऱ्यांवरून धपाधप उड्या मारायची आणि धोंडीराम वरच्या पायरीवर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचा. कपड्यांशी त्याचं नातं तिथूनच सुरू झालं म्हणायचं. एकदा त्याने विचारलं होतं, "मलाच का लागते?" दादांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "कारण तुला लागते." कारागिराच्या पोराला एवढं कारण पुरतं. आई न्हाऊ घालायची ती मोरीत, दार लोटून, आणि तिचा एक तळवा कायम त्याच्या डाव्या छातीवर असायचा, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. दुसऱ्या हाताने सगळं न्हाणं. त्याला वाटायचं, आया अशाच न्हाऊ घालतात. डावा हात उजव्यापेक्षा थोडा लहान, बोटं जरा आखूड, त्याचंही त्याला कधी काही वाटलं नाही. डावा हात लहानच असतो, तो मदतीला दिलेला असतो. दादा गेले तेव्हा दहाव्याला रामकुंडावर तो जन्मात पहिल्यांदा लोकांत उघडा उभा राहिला होता. न्हाव्याने डोकं केलं, मिशी काढली, वस्तरा छातीवर आणला, उजवीकडून फिरवला, आणि डावीकडे आल्यावर थांबला. "या अंगाला लागतच नाही हो तुम्हाला," तो म्हणाला. एक केस नव्हता तिथे. धोंडीराम म्हणाला, "मग अर्धीच दक्षिणा," आणि दोघं हसले, आणि बाप मेलेल्या माणसाने दहाव्याला हसणं बरं नव्हे म्हणून लगेच थांबले. त्या हसण्याखाली काय होतं ते त्याने पाहिलं नाही. त्याने ओल्या अंगावरच बंडी चढवली होती. दादांनंतर तो स्वतःच बंड्या शिवू लागला, जुनीवरून नवी, तिच्यावरून पुढची, डाव्या बाजूला कापूस. थंडीसाठी. लग्न झालं, सोमनाथ झाला, संसार बंडीसकट पार पडला. झुंबरबाईने कधी विचारलं नाही. शिंप्याची बायको शिंप्याच्या कपड्याबद्दल काय विचारणार.

मागच्या खोलीतून हबीब आला. हबीब कोटाचा कारागीर, दादांच्या वेळेपासून याच दुकानात. दोघांची वयं सारखी, चष्म्यांचे नंबर सारखे. रमजान चालू होता, दुपारनंतर हबीबचा आवाज पातळ व्हायचा. धोंडीराम म्हणाला, "हबीब, एक विचारू?"

"चहा सोडून काहीही विचार."

"माझी छाती कशी आहे?"

हबीबने चष्मा कपाळावर चढवला. "ये क्या उमर है पूछने की, मास्तर?" आणि मग टेबलावरच्या दोन गाद्या त्याला दिसल्या. तो पुढे आला. स्टुलावर बसला. छोटी गादी त्याने चिमटीत उचलली आणि लगेच ठेवली, गरम लागल्यासारखी. "पोराचं असं आहे?" त्याने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही." त्याने आपल्या नखांकडे पाहिलं. "तुझ्या लग्नाचा कोट मी शिवला होता ना. डाव्या बाजूला आतून बुकरमच्या कडक कापडाचे जादा थर घातले. दादा बोलले, घाल आणि तोंड बंद ठेव. मी घातले आणि बंद ठेवलं."

"आजपर्यंत?"

"मला वाटलं तुला माहीत आहे! खुद की छाती आहे यार, माणूस कधीतरी बघतो. मी म्हटलं, हा बोलत नाही, मग आपण कशाला बोला. तमीज असते एक." हबीबने आवाज आणखी पातळ केला. "आणि तू रोज तर सांगतोस गिऱ्हाइकांना. माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात, म्हणून आमच्याकडे दोन्ही वेगळ्या कापतात. मला वाटलं, याच्याबद्दलच बोलतोय, मजाक में."

धोंडीरामने भिंतीकडे पाहिलं. सगळ्या नाशकात शिंपी शर्टाचं कापड दुहेरी घालतात आणि पुढच्या दोन्ही बाजू एकदम कापतात. या दुकानात नाही. इथे डावी बाजू वेगळ्या फर्म्यावर, उजवी वेगळ्या. दादांची रीत. दुप्पट वेळ, थोडं कापड जास्त, पण हीच दुकानाची शान, याच वाक्यावर त्याने आयुष्यभर गिऱ्हाईक जोडलं होतं. पुठ्ठ्याचे ते दोन फर्मे अजून भिंतीवर खिळ्याला होते. दादांनी ते कुणाच्या अंगावरून काढले होते? त्याच्याच. तो उभा होता, हात थोडे दूर धरून, अंगात नवी बंडी. दादा टेप लावत होते आणि त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते.

"नवा कापूस होता तेव्हा," हबीब म्हणाला, जणू तोही तिथेच बघत होता. "दादांनी जरा जास्तच भरला होता. बाप होता, जास्तच भरणार. तोच फर्मा झाला. म्हणून तर आपल्या सगळ्या शर्टांना डावीकडे जागा ढिली. हे बघ." त्याने आपल्या शर्टाची डावी बाजू चिमटीत धरून ओढली. कापड तंबूसारखं पुढे आलं. आत काही नव्हतं. "लोक खुश आहेत, मास्तर. मोबाईल मस्त बसतो."

धोंडीराम उठून ट्रायल रूममध्ये गेला. ट्रायल रूम म्हणजे पडदा, आरसा आणि दिवा. या आरशात त्याने दुसऱ्यांना किती वेळा बघितलं होतं, मागून, त्यांच्या खांद्यावरून, तोंडात टाचण्या धरून. आपण त्यात नेहमी कोपऱ्यात, अर्धे. त्याने शर्ट काढला. बंडी काढायला हात वर नेले आणि तिथेच थांबला. बाहेर शाळेच्या कापडाची चौकशी करणारी एक बाई आली होती, हबीब तिला दर सांगत होता, सगळं नेहमीसारखं होतं. त्याने बंडी काढली. आरशातल्या माणसाची उजवी बाजू त्याच्यासारखी होती, पिकल्या केसांची, ढिली, ओळखीची. दुसरी बाजू कुणा लहान मुलाची होती. गुळगुळीत, फिकट, आत गेलेली, एवढ्या वर्षांत ऊन न लागलेली. तिचं वय झालंच नव्हतं. आणि तिथे कातडीखालून काहीतरी वर येत होतं, टेकत होतं, परत जात होतं. त्याने तिथे हात ठेवला नाही. त्याला वाटलं, हात ठेवला तर तो आईचा होईल. त्याने मनात ठोके धरायचा प्रयत्न केला, आणि आरशातला ठोका आपल्या आतल्या ठोक्याच्या किंचित मागे पडतोय असं त्याला दिसलं. म्हणजे आधी आत होई, मग तिथे होई, जसं कुणी दुसरं ऐकून पुन्हा म्हणतंय. "मास्तर," बाहेरून हबीब म्हणाला, "बाईंना माप द्यायचंय." धोंडीराम म्हणाला, "सांग, माप घेणारा कामात आहे."

संध्याकाळी तो रिक्षा न करता चालत निघाला. वारा सुटला होता, मार्चमधला, धुळीचा. मेन रोडवरून समोरून माणसं येत होती आणि त्यांच्या शर्टाची डावी बाजू वाऱ्याने फुगत होती. सगळ्यांची नव्हे. ज्यांची फुगत होती ते त्याचे होते. स्कूटरवरचा भांडीवाला. कोर्टातून उतरलेले दोन वकील, काळा कोट हातावर टाकलेला. सहकारी बँकेचा मॅनेजर, नगरसेवक होता होता राहिलेला एक, नगरसेवक होऊन गेलेला दुसरा. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण दोघांच्या हृदयावर तीच पोकळी फडफडत होती. त्याने त्यांना कधी मापलंच नव्हतं, असं त्याला वाटलं. टेप त्यांना लावली होती आणि आकडा आपला लिहिला होता. कितीतरी जण तेच शर्ट अंगावर घेऊन म्हातारे झाले असतील. कितीजण जळाले असतील, अमरधाममध्ये, छातीवर ही मोकळी जागा घेऊन, आणि घरच्यांना राख किंचित कमी वाटली असेल. रविवार कारंजावर एक ओळखीचा शाळामास्तर भेटला. "धोंडीशेठ, आजोबा झालात! पेढे कुठायत?" असं म्हणत त्याने सवयीने डाव्या खिशाशी हात नेला, आणि खिसा हाताच्या आधी हलला. धोंडीराम घाईत असल्याचं सांगून पुढे गेला. त्याला घाई नव्हती. घरी जाऊन करायचं काय, हे त्याला ठरवता येत नव्हतं. दाखवायचं म्हणजे झुंबरबाईला दाखवायचं, सोमनाथला दाखवायचं, सुनेपुढे उघडं व्हायचं. न दाखवायचं म्हणजे ते झबलं शिवायचं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. आणि एक दिवस कुणीतरी पोर वरच्या पायरीवर बसून विचारील की मलाच का, आणि त्याला सांगावं लागेल: कारण तुला.

झबलं त्याने घरच्या मशीनवर शिवलं. कापूस न घालता. जुन्या कापडाला शिवण चढवताना सुई अजिबात अडत नव्हती.

सकाळी लंकाबाई बाळाला न्हाऊ घालायला आली. ती मूळची हरसूलची. पंचवटीत तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता रिक्षा चालवतात. पाटावर बसून, पाय लांब करून तिने बाळाला पायांवर घेतलं होतं, आणि तेलाच्या अंगठ्याने ती डावी छाती चोळत होती. "म्या भरून काढते ना," ती म्हणत होती. "चोळून चोळून मास येतं. हरसूलला एका पोराचं डोकं लांबडं व्हतं, म्या गोल केलं. आता पोलिसात हाय." बाळ किंचाळत होतं. शेगडीवर ओवा टाकलेला, धुराने खोली भरलेली. योगिनी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि अंगठा चोळला जाई तेव्हा तेव्हा तिचे खांदे वर जात होते. सोमनाथ दारात डबा घेऊन उभा, कामाला निघालेला, निघत नसलेला. झुंबरबाईने झबलं हातात घेतलं, डावी बाजू चाचपली.

"कापूस नाय घातला?"

"नाही."

"अहो, परवा माणसं येणार. काय सांगायचं त्यांना?"

धोंडीरामने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. झुंबरबाई म्हणाली, "आता तुम्हाला काय झालं? गरम होतंय?" त्याने शर्ट खुर्चीवर ठेवला, नीट, शिवण वर करून. मग बंडी डोक्यावरून काढली. बंडी निघताना तोंडावर आली तेवढा वेळ त्याला काही दिसलं नाही, आणि तो वेळ त्याला फार आवडला. मग ती निघाली.

लंकाबाईचा अंगठा थांबला. "आगं माय," ती म्हणाली, आणि खाली बाळाकडे पाहिलं, आणि पुन्हा वर. "आगं माय माय माय. ह्यो तर तोच हाय."

"डॉक्टर म्हणाली घराण्यात येत नाही," सोमनाथ म्हणाला.

"नसेल येत," धोंडीराम म्हणाला. "मला विचारून आलं नाही."

झुंबरबाई पुढे आली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं. तिने बोट पुढे केलं, कातडीखालचा ठोका वर आला तसं मागे घेतलं. तिच्या तोंडावर काहीतरी उकलत होतं, गाठ सुटावी तसं, आणि धोंडीरामला वाटलं, आता संपलं. मग ती म्हणाली, "म्हंजी तुमच्या आईनं काय कापलं व्हतं?"

शेगडीत ओवा तडतडला. धोंडीरामला मोरीतला तो तळवा आठवला, आणि आई त्याच्याकडे बघत नसे हेही. ती दाराकडे बघत असे. मरेपर्यंत ती काहीतरी कापल्याचं आठवत बसली असणार, भाजी, सुपारी, दोरा, आणि घरात रोज एवढं कापलं जात होतं की तिला नक्की काय ते कधीच सापडलं नसणार. "काही नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "तिने काही कापलं नव्हतं. कुणीच काही कापलं नव्हतं. झुंबर, कापायचं काम या घरात मी करतो."

पलंग करकरला. योगिनी वळली होती. तिने केस मागे सारले आणि सासऱ्याच्या उघड्या छातीकडे पाहिलं, लाज न वाटता, वर्गात आकृतीकडे बघावं तसं. खड्डा, कड, काखेकडे ओढलेला कोपरा. मग डावा हात. मग पुन्हा तो ठोका. तिच्या बघण्यात दया नव्हती म्हणून त्याला उभं राहता आलं.

"बाबा," ती म्हणाली, "दुखतं का?"

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. तो थांबला. आत बघितल्यासारखं केलं. सगळे उत्तराची वाट पाहत होते, लंकाबाईसुद्धा. "नाही गं," तो शेवटी म्हणाला. "जड उचललं की हा हात लवकर थकतो. बाकी दुखत नाही. कुणी बघत असलं की थोडं... पण तेही आत्ता नाही."

"लंकाबाई, द्या त्याला इकडे."

"आगं, न्हाणं व्हायचंय. तेल हाय सगळं."

"द्या."

तिने तेलकट, उघडं, किंचाळतं बाळ घेतलं, आडवं धरलं, आणि डोळे उघडे ठेवून त्या डाव्या छातीकडे पाहिलं. पाहिलं ते पाहतच राहिली. मग वाकून तिथे कान लावला. बाळ एकदम गप्प झालं. झुंबरबाईच्या हातात झबलं तसंच होतं; तिला ते द्यावं की घालावं की ठेवावं हे कळत नव्हतं. "परवा कळवणचे आले की काय सांगायचं?" तिने पुन्हा विचारलं, पण आता ते कुणालाच विचारलेलं नव्हतं.

"सांगा, आजोबांवर गेलाय," योगिनी कान न उचलता म्हणाली.

धोंडीराम खुर्चीवर बसला, तसाच. शर्ट घ्यावा असं त्याला वाटलं नाही. धुरातून खिडकीचं ऊन त्याच्यावर आलं होतं आणि त्या पोरवयाच्या जागेला ते काय लागतंय हे तो समजून घेत होता, गिऱ्हाईक नव्या कपड्यात हात वर-खाली करून बघतं तसं. लंकाबाईने पाय आवरले. सोमनाथला कामाला उशीर होत होता, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. पण दारात फक्त डबा होता. बाथरूमची कडी आतून लागलेली होती, आत आरशावरचा दिवा लावलेला होता, आणि पाण्याचा आवाज येत नव्हता.